आजोबा फौजेच्या बँडमध्ये होते? मराठवाड्यातून नोंदी शोधताना कोणत्या क्रमाने जायचं

“आमचे आजोबा मिल्ट्रीत बाजा वाजवायचे, पचमढीला शिकले होते, माहिती कुठे मिळेल?” महिन्याला असे दोन-तीन फोन येतात आणि जवळपास सगळ्यांची चूक एकच असते. शोध बँडपासून सुरू होतो. बँड हा शेवटचा टप्पा आहे. आधी माणूस कोणत्या फौजेत होता, मग कोणत्या पलटणीत, मग त्याचा नंबर, मग त्याचं काम, आणि त्यानंतर कुठे वाद्य व शिक्षण. हा क्रम मोडला की अर्ज भलत्याच गावाला जातो आणि तीन महिन्यांनी “नोंद आढळली नाही” असं पत्र येतं. ते वाचून लोक समजतात की आजोबांनी थापा मारल्या. खरं तर आपण चुकीचं दार ठोठावलेलं असतं.

मराठवाड्यात हा घोळ जास्त होतो, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. पुण्या-साताऱ्याच्या माणसाला जो प्रश्न पडतच नाही तो आपल्याला पहिल्याच पायरीला सोडवावा लागतो.

टप्पा १ : ट्रंक उघडण्याआधी

घरातली लोखंडी पेटी काढाल तेव्हा काही पुसू नका, सरळ करू नका, चिकटवू नका. दिसेल ते दिसेल तसं मोबाइलवर टिपा, पाठपोट दोन्ही बाजूंनी. मागची बाजू बहुतेक जण विसरतात आणि फोटो स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. “बेलगाम” किंवा “पूना” एवढं वाचता आलं तरी अर्धं काम झालं.

यात शोधायचं काय? डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, पेन्शनचा कागद म्हणजे पीपीओ, माजी सैनिकाचं ओळखपत्र, पदकं, मनिऑर्डरच्या पावत्या, गणवेशातला फोटो आणि स्वरलिपीचे कागद. शेवटची वस्तू लोक रद्दीत घालतात. हातात मावतील एवढी, पाच रेघांवर काळे ठिपके असलेली कार्डं दिसली तर ती बाजूला ठेवा. पाचव्या टप्प्यात त्यांच्याइतका मोठा पुरावा दुसरा नसतो.

थांबा : डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. आपल्याकडे जुना कागद दिसला की झेरॉक्सवाल्याकडे नेऊन प्लास्टिकमध्ये घालायची घाई असते. उष्णतेने शाई उडते, पानं एकमेकांना चिकटतात आणि नंतर तज्ज्ञालाही काही करता येत नाही. पदकांना पितांबरी लावू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दोन पिढ्यांनी दिवाळीला घासून घासून ती अक्षरं घालवलेली मी पाहिली आहेत. भिंग घ्या, बॅटरीचा उजेड तिरका पाडा. फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नका, काचेसकट स्कॅन करा.

मग घरातली म्हातारी माणसं. त्यांना “रेजिमेंट कोणती?” असं विचारलं तर उत्तर येत नाही, आलंच तर चुकीचं येतं. त्यांना आठवतील असे प्रश्न विचारा. मनिऑर्डर कुठून यायची? रजा संपली की कोणत्या गाडीने जायचे, मनमाडला बदलायचे की सिकंदराबादकडे जायचे? पेन्शन आणायला कोणत्या गावच्या ट्रेझरीत जायचे? गावात कोणी सोबत्या होता का? आणि आजोबा जी धून गुणगुणायचे ती म्हणून दाखवा म्हणावं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. ती उद्या कोणी ओळखेल, न ओळखेल, पण आजी गेल्यावर ती कुठेच मिळणार नाही.

“बाजा” या शब्दापाशी मात्र थांबा. आपल्या बोलीत बिगुल, क्लॅरिनेट, बॅगपाइप, ट्रंपेट सगळंच बाजा असतं. फुंकायचं होतं की बडवायचं? बगलेत पिशवी होती का? बोटांनी कळा दाबायचे की नुसतं ओठांनी? कळा नसतील तर बिगुल. एवढ्यावरच शेवटचे दोन टप्पे ठरतात.

टप्पा २ : फौज कोणती?

इथे सर्वात जास्त वेळ द्या. मराठवाड्यातला माणूस “फौजेत” होता म्हटल्यावर चार शक्यता असतात.

पहिली, हैदराबाद कंटिंजंट. निजामाच्या खर्चाने चालणारी पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ही फौज. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई ही तिची ठाणी. १९०३ मध्ये ती ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ असे नवे क्रमांक मिळाले, घोडदळातून डेक्कन हॉर्ससारखी नावं आली. १९२२ मध्ये पायदळाच्या या पलटणींपासून १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झालं.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण नव्वद टक्के चूक इथे होते. कागदावर “हैदराबाद रेजिमेंट” दिसलं की आपण म्हणतो, निजामाची फौज. नाही. ती इंग्रजांच्या सैन्यातली रेजिमेंट होती, तिचा वारसा आज उत्तराखंडात राणीखेतला आहे. हैदराबादच्या अभिलेखागारात तिच्या शिपायाची सेवापुस्तिका शोधणं म्हणजे परभणीच्या माणसाचा सातबारा रत्नागिरीत मागणं.

दुसरी, खुद्द निजामाची फौज. यातले हैदराबाद लान्सर्स पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. याशिवाय नियमित पलटणी, अनियमित पथकं, दरबारी बँड असं बरंच काही या छत्राखाली येत होतं. या कागदांसाठी हैदराबादच्या तारनाका भागातलं राज्य अभिलेखागार गाठावं लागतं. कागद बहुतांश उर्दूत, जुने फारसीत. कुणबी नोंदींच्या निमित्ताने गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे निजामकालीन उर्दू वाचणाऱ्यांची गाठ अनेकांना पडली आहे. त्यांचाच नंबर हाताशी ठेवा.

तिसरी, ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातल्या बाकीच्या पलटणी. निजामाच्या हद्दीतली पोरं नगर, सोलापूर, पुण्याला जाऊन भरती झाली आणि पत्ता कधी कधी मामाच्या गावचा दिला. म्हणून नोंदीत मूळ गाव दिसलं नाही तर लगेच “हे आमचे नव्हेत” म्हणू नका. आजोळ, सोयरीक तपासा. मराठा लाइट इन्फंट्री आणि १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट इथे आधी बघा.

चौथी, १९४८ नंतरचं भारतीय सैन्य. हा मार्ग सर्वात सोपा, तरी लोक तिसरीचे कागद चौथीत शोधतात.

पडताळा : फौज नव्हतीच असंही होतं. जालन्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्र. ३ आहे, हिंगोलीला १२. पोलिसांनाही बँड असतो, गणवेश असतो, परेड असते. नातवाच्या आठवणीत ते सगळं “मिल्ट्री” होऊन बसतं. पेन्शन संरक्षण खात्याकडून यायची की राज्य सरकारकडून, एवढं विचारलं की उलगडा होतो.

एक नाजूक गोष्ट. निजामाच्या फौजेत असलेल्या आजोबांबद्दल काही घरं बोलत नाहीत, रझाकारांशी नाव जोडलं जाईल या भीतीने. रझाकार ही कासीम रझवीची खासगी सशस्त्र संघटना होती, राज्याची पगारी फौज निराळी. हे आधी समजावून सांगितलं की आजी बोलायला लागते.

टप्पा ३ : तारखा आणि गावं आजच्या भाषेत आणा

निजाम राजवटीतल्या कागदावर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवा. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने सुरू होतं, म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या इस्फंदारपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवायचे. फसली १३५२ म्हणजे ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३.

थांबा : काही कागदांवर हिजरी साल असतं. हिजरी १३५२ हे १९३३ मध्ये सुरू होतं. आकडा तोच, फरक नऊ वर्षांचा. महिन्याचं नाव बघा. आजूर, दै, बहमन, खुर्दाद असेल तर फसली. मोहरम, सफर, रजब असेल तर हिजरी. नुसत्या आकड्यावर हिशेब करू नका.

जिल्ह्यांचंही तसंच. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत होतं. त्यामुळे जुन्या नोंदीत “जि. लातूर” शोधून काही हाती लागणार नाही. गाव, तालुका, जुना जिल्हा आणि त्यापुढे “निजाम स्टेट” किंवा “हैदराबाद डेक्कन” असं लिहून बघा.

नावाचे हाल तर विचारूच नका. इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. जाधवचं जाधाव, जादव, जादो. मारोतीचं मारुथी. आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. स्वतःच्या हाताने दहा-बारा स्पेलिंगची यादी करा आणि मगच शोधायला बसा.

टप्पा ४ : सेवेची नोंद मागवणं

आजोबा युद्धात वारले असतील तर सुरुवात घरबसल्या होते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी फुकट शोधता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत त्यात आहेत आणि पुष्कळ भारतीय नोंदींत बापाचं नाव व गाव असतं. पण परत आलेला माणूस तिथे सापडणार नाही. पंजाबातल्या पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांची नोंदवही ऑनलाइन झाली आहे, तिच्यातही आपला माणूस शोधू नका. ती फक्त पंजाबची आहे. हुद्दा जमादार किंवा सुभेदार असेल तर त्या काळच्या इंडियन आर्मी लिस्टची पानं चाळा. साध्या शिपायाचं, नाईकाचं, हवालदाराचं नाव त्यात नसतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ पलटणीच्या हालचाली कळायला उपयोगी आहे, एकट्या माणसाची फाईल तिथे क्वचित.

खरी नोंद असते ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, कुमाऊँचं राणीखेतला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, चिलखती दळाचं नगरला. कोणतं ते ठरवायला नंबर मदत करतो. स्वातंत्र्यानंतरचे मराठाचे नंबर साधारणतः २७ ने, महारचे ४५ ने, कुमाऊँचे ४१ ने सुरू होतात. शेवटी एखादं इंग्रजी अक्षर असेल तर ते गाळू नका. नंबरच्या आधी “जेसी” असेल तर माणूस नायब सुभेदार किंवा वर गेला होता. पहिल्या महायुद्धातले नंबर मात्र पलटणीपुरते असत. ११०व्या मराठातला २१४३ आणि ११७व्या मराठातला २१४३ ही दोन वेगळी माणसं.

अर्जापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा. आजोबांची किंवा आजीची नोंद तिथे असेल तर नंबर, पलटण, पीपीओ सगळं एका कार्डावर मिळतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी आमच्या चुलत आजोबांसाठी आठ महिने एका लांबच्या कचेरीशी पत्रव्यवहार केला. त्यांचा नंबर आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका कपाटात होता.

अर्ज साधा पत्ररूप असू द्या. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. बेळगावात मराठी वाचतील, राणीखेतला कोण वाचणार? सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि नातं सिद्ध करणारा कागद जोडा. आणि मागणी मोघम नको. “सर्व माहिती द्यावी” असं लिहिलंत की काहीच येत नाही. असं मागा:

१. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, भरतीचं ठिकाण.
२. ट्रेड (नेमून दिलेलं काम), आणि ट्रेड बदलला असल्यास त्याची तारीख.
३. ज्या ज्या तुकड्यांत नेमणूक झाली त्यांची नावं.
४. केलेले कोर्स, त्यांची ठिकाणं आणि निकाल.
५. शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा.

पाचवा मुद्दा विसरू नका. शीट रोल म्हणजे एकट्या शिपायाचे सेवेचे कागद, लाँग रोल म्हणजे सगळ्यांची एकत्र नोंदवही. पेन्शन न मिळालेल्या शिपायाचे सेवेचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात. युद्धापुरते भरती झालेले आणि १९४६ मध्ये घरी पाठवलेले हजारो जण यात मोडतात. त्यांचा शीट रोल गेलेला असतो, लाँग रोलमधली एक ओळ उरते. ती तुम्ही नाव घेऊन मागितली नाही तर “कागद नष्ट” एवढंच उत्तर मिळतं आणि ते खरंही असतं.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, मुदत ३० दिवस, नाही मिळालं तर पहिलं अपील. पण पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचं हत्यार उपसू नका. साध्या पत्राला एखादा हवालदार क्लार्क आपुलकीने दोन ओळी जादा लिहितो, माहिती अधिकारात तो मोजूनमापून उत्तर देतो.

टप्पा ५ : आता वाद्य आणि शिक्षण

ट्रेडच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी नीट वाचा. “बँड्समन” किंवा “म्युझिशियन” म्हणजे पितळी-लाकडी सुषिर वाद्यांच्या मिलिटरी बँडमधला. “पायपर” आणि “ड्रमर” म्हणजे बहुधा पाइप बँड, बॅगपाइप आणि ड्रमचा. “बिगुलर” हा निराळाच माणूस. त्याचं काम सकाळच्या रेव्हेलीपासून लास्ट पोस्टपर्यंत छावणीला वेळ सांगायचं. तो कंपनीबरोबर राहायचा, बँडमध्ये असेलच असं नाही. बिगुलर आजोबांना बँडमास्टर करून टाकणं ही घरोघरीची हौस आहे.

रकान्यात नुसतं “शिपाई” असेल तरी निराश होऊ नका. ट्रेड नंतर बदललेला असू शकतो, त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये असते. बदली, बढती, रजा, कोर्स, सगळं या ऑर्डरींनी कागदावर येतं. उलटंही घडतं. युद्धात बँडवाल्यांना स्ट्रेचर उचलायचं काम असे. म्हणून “स्ट्रेचर बेअरर” हा शब्द पाहून ते दवाखान्यात होते असं ठरवू नका.

प्रशिक्षणाचं उत्तर सालावर अवलंबून आहे. सैन्याची संगीत शाखा पचमढीला सुरू झाली १९५० मध्ये, लष्करी शिक्षण दलाच्या महाविद्यालयात. त्याआधी पोरगं पलटणीच्या नाहीतर केंद्राच्या बँडमध्येच, बँडमास्टरच्या हाताखाली शिकायचं. प्रमाणपत्र वगैरे काही नसायचं. तेव्हा १९४६ ला घरी आलेल्या आजोबांच्या नावापुढे पचमढीचं संगीत शिक्षण लावलं जात असेल तर साल चुकलंय किंवा गाव. आणि १९५० नंतरही प्रत्येक बँडवाला पचमढीला गेलाच असं नाही. पुष्कळांचं शिक्षण केंद्रावरच झालं. पचमढीला गेल्याचा पुरावा म्हणजे कोर्सची नोंद. त्यात “पोटेन्शिअल बँडमास्टर” असं दिसलं तर आजोबा पुढे बँड चालवण्यासाठी निवडले गेले होते.

पडताळा : पचमढीला थेट पत्र लिहू नका. तिथे नंबर, पलटण आणि कोर्सचं साल लागतं. ती तिन्ही रेकॉर्ड ऑफिसकडून आल्यावरच लिहा.

आता ती स्वरलिपीची कार्डं काढा. वरच्या डाव्या कोपऱ्यात वाद्याचं नाव असतं: फर्स्ट कॉर्नेट, सेकंड क्लॅरिनेट, युफोनियम. बँडमध्ये प्रत्येकाला फक्त आपल्या वाद्याचा भाग मिळतो. एकाच वाद्याची दहा-बारा कार्डं असतील तर ते आजोबांचंच. वेगवेगळ्या वाद्यांची असतील तर ते बहुधा बँड सांभाळायचे, किंवा निवृत्तीनंतर लग्नाच्या बँडला शिकवायचे.

फोटोत बाही बघा. लायर, म्हणजे इंग्रजी यू आकाराच्या तारवाद्याचं चिन्ह हे बँडवाल्याचं, बिगुलाचं चिन्ह बिगुलरचं. पण मोबाइलवर मोठं करून अंदाज बांधू नका. टोपीवरच्या बिल्ल्यातही बिगुल असतो, तो लाइट इन्फंट्रीच्या प्रत्येक शिपायाला असतो, वाद्य येवो न येवो.

टप्पा ६ : घरातलं वाद्य

शेवटी पोटमाळ्यावरचा ट्रंपेट. तो “आजोबांना सरकारने बक्षीस दिला” असं प्रत्येक घरात सांगतात. सरकारी वाद्य निवृत्तीच्या दिवशी स्टोअरला जमा करावं लागतं, सही घेऊन. घरात आहे ते बहुधा नंतर विकत घेतलेलं. पितळी वाद्यांसाठी मेरठ प्रसिद्ध आहे. घंटेसारख्या तोंडाजवळ कारखान्याचं नाव आणि गाव कोरलेलं असतं, ते वाचा. “मेरठ” असेल तर आजोबांच्या फौजेचा नव्हे, फौजेनंतरच्या लग्नसराईचा इतिहास तुमच्या हातात आहे. बाणाची खूण दिसली तर मात्र ते सरकारी मालातलं असू शकतं. तेव्हा मुखनळीसकट फोटो काढा आणि वाद्य तसंच गुंडाळून ठेवा. पॉलिश नको, वाजवून बघणंही नको. आतला गंज फुफ्फुसात जातो आणि जुनी डागलेली जोडणी पहिल्याच फुंकरीला सुटते. आमच्या घरातल्या बिगुलाची सुटली.